बुजलेला कुत्रा आणि आपली हाडे

वाचकहो, दसरा नुकताच झाला. घराघरांत जाळी-जळमटे काढण्याचे आणि फराळाच्या याद्या करण्याचे काम सुरू झाले असेल. अशा वेळी एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. वरवर पाहता तो पशुवैद्यांच्या अखत्यारीतला वाटेल; पण दर वर्षी आश्विन-कार्तिकात तो माझ्यासारख्या, माणसांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या दारात येऊन उभा राहतो. रोज पहाटे आपल्यासोबत फिरायला येणारा, नावाने हाक मारली की माघारी वळणारा, आठ-दहा वर्षे घरात वाढलेला कुत्रा साखळी सोडलेली असताना एखाद्या सुतळी बॉम्बच्या आवाजाने उधळला, तर काय करावे? आणि अशी वेळ येऊच नये म्हणून आधी काय करावे?

ज्येष्ठांच्या घरात आज कुत्रे पुष्कळ दिसतात. बहुतेक वेळा ते त्यांनी स्वतः आणलेले नसते. मुलाने किंवा मुलीने हौसेने लॅब्राडोरचे पिल्लू आणायचे, दोन वर्षांनी नोकरीनिमित्त बंगळुरू किंवा परदेश गाठायचा, आणि तोवर तीस किलोचे झालेले ते ‘पिल्लू’ आई-वडिलांच्या पदरात टाकायचे, हा आता आपल्या शहरांतला परिपाठच झाला आहे. माझी त्याबद्दल फारशी तक्रार नाही. मधुमेहाच्या रुग्णाला चालायला लावण्यात मी वर्षानुवर्षे जितका अयशस्वी ठरतो, तितका कुत्रा दोन आठवड्यांत यशस्वी ठरतो. एकटेपणावरही त्याच्याइतके गुणकारी औषध माझ्या कपाटात नाही. म्हणूनच फिरायला जाणे बंद करा, असे मी येथे सांगणार नाही.

मात्र पुण्याच्या वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर, तळजाईवर, किंवा मुंबईत जुहूच्या वाळूवर पहाटे जाऊन पाहा. टेकडीचा चढ लागला की साखळी सुटते. ‘आमचा कुठे जात नाही हो’ हे वाक्य तिथे नमस्काराइतके सहज ऐकू येते. वर्षातले तीनशे दिवस ते खरेही असते.

बुजणे म्हणजे नेमके काय?

मराठीत या घटनेसाठी दोन नेमके शब्द आहेत : जनावर ‘बुजते’ आणि मग ‘उधळते’. बैलगाडी हाकणाऱ्यांनी ते आपल्याला दिले आहेत. रस्त्यात अचानक काही फडफडले, की जन्मभर जू वाहिलेला शहाणा बैलही गाडीसकट शेतात शिरे. त्याला कोणी कृतघ्न म्हणत नसे. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण चटकन दुखावतो. इतका जीव लावला आणि मला सोडून पळाला, असे म्हणतो.

शरीरशास्त्र काय सांगते ते पाहू. मोठा आवाज कानावर पडताच त्याची वर्दी मेंदूतील भयकेंद्राला मिळते. तेथून स्वयंचलित मज्जासंस्थेला आज्ञा जाते, मूत्रपिंडावरील ग्रंथी अॅड्रिनॅलिन रक्तात सोडतात, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायूंकडे रक्त धावते. हे सारे ‘आवाज कशाचा होता?’ हा विचार पुरा होण्याआधीच घडते. आपल्याही छातीत असेच धस्स होते. फरक एवढाच, की दुसऱ्या क्षणी ‘फटाका होता’ असे आपण स्वतःला समजावू शकतो. कुत्र्याला फटाका ही वस्तू समजावून देण्याचा मार्ग नाही. तीव्र भीतीच्या त्या अवस्थेत शिकलेल्या आज्ञा मागे पडतात. ‘ये’, ‘बस’, ‘थांब’ हे शब्द, आपला आवाज, कधीकधी आपला चेहराही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो आपल्यापासून पळत नसतो. जिथे तो आवाज झाला त्या जागेपासून वाट फुटेल तिकडे पळत असतो.

त्यात त्याचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात. कुत्र्याला ४०,००० च्याही वरचे. रॉकेटची शिट्टी आणि माळेचा कडकडाट त्याला आपल्यापेक्षा कितीतरी भरगच्च ऐकू येतो. इमारतींच्या भिंतींवरून आवाज उलटून येतो तेव्हा तो नेमका कुठून आला, हेही कळेनासे होते.

येथे एका लोकप्रिय समजुतीला विरोध केला पाहिजे : ‘दोन-चार दिवाळ्या गेल्या की सवय होते.’ काही कुत्र्यांना होते, हे खरे. पण पुष्कळांच्या बाबतीत उलटे घडते. प्रत्येक धक्क्यागणिक भीतीचा उंबरठा खाली येतो. पहिल्या वर्षी फक्त सुतळी बॉम्बला दचकणारा कुत्रा चौथ्या वर्षी लवंगीलाही थरथरतो, मग प्रेशर कुकरच्या शिट्टीला, मग ढगांना. त्याला मुद्दाम गॅलरीत बांधून ‘सवय लावणे’ हा निव्वळ क्रूरपणा आहे.

आणखी एक गोष्ट ज्येष्ठ वाचकांना विशेष पटेल. आयुष्यभर फटाक्यांना न घाबरलेला कुत्रा वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी अचानक आवाजाला भिऊ लागला, तर त्याच्या सांध्यांची तपासणी करून घ्यावी. दचकताना सारे स्नायू एकदम आखडतात. खुब्यात किंवा कमरेत दुखणे असेल तर त्या क्षणी तीव्र कळ येते आणि जनावराच्या मनात आवाज व वेदना यांची गाठ पक्की बसते. गुडघेदुखीने बेजार असताना कोणी पाठीमागून दचकवले, तर आपल्याला काय होते ते आठवून पाहावे. अशा कुत्र्याच्या वेदनेवर उपचार झाले की भीतीही काही अंशी कमी होऊ शकते.

दवाखान्यात येते ते

ओळख पटू नये इतपत तपशील बदलून तीन उदाहरणे सांगतो.

बहात्तर वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका. वसुबारसेच्या सकाळी टेकडी उतरताना खालच्या वस्तीत माळ लागली आणि कुत्रा झाडीत शिरला. बाई त्याच्यामागे धावल्या, दहा पावले गेल्या असतील-नसतील. चपलेचा अंगठा दगडाला अडला, त्या हातावर पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. कुत्रा पाऊण तासाने स्वतःच घरी आला. बाईंचे प्लॅस्टर मात्र सहा आठवडे राहिले, आणि त्या हाताने भाकरी थापायला पुढे चार महिने लागले.

दुसरे गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे, हृदयात दोन स्टेंट बसवलेले. कुत्रा हरवल्यावर ते चढ-उतार करीत तीन तास शोधत होते. छातीत जड वाटत होते, पण ‘आधी तो सापडू दे’ म्हणून त्यांनी कोणालाही सांगितले नाही. संध्याकाळी माझ्याकडे आले तेव्हा इसीजी पाहून मला त्यांना थेट रुग्णालयात पाठवावे लागले. बचावले, हे त्यांचे नशीब.

तिसरे उदाहरण एका रुग्णसेवकाचे. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची सेवा करणारा हा तरुण त्यांच्या कुत्र्यालाही फिरवून आणी. एकदा वरातीतला बार उडाला आणि कुत्र्याने गळपट्ट्यातून मान काढून धूम ठोकली. आजोबा काय म्हणतील या धास्तीने मुलगा रात्रभर घरी परतलाच नाही. इकडे आजोबांची रात्रीची औषधे चुकली. अशा प्रसंगी घरच्यांनी पहिला फोन ‘तू आधी घरी ये, आपण मिळून शोधू’ असा करावा. दोष देण्याने कुत्रा सापडत नाही, आणि चांगला रुग्णसेवक मिळणे आज किती कठीण आहे हे मी वेगळे सांगायला नको.

साखळी हातात असली की सारे सुरक्षित, असेही समजू नये. ‘जामा सर्जरी’ या नियतकालिकात २०१९ साली अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साखळी लावलेल्या कुत्र्याला फिरवताना हाड मोडून रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आलेल्या, पासष्टीच्या पुढच्या रुग्णांची वार्षिक संख्या २००४ मध्ये सुमारे १,७०० होती. २०१७ मध्ये ती सुमारे ४,४०० झाली. त्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया होत्या. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होतात हे लक्षात घेतले, तर यात नवल नाही. आपल्याकडचे उखडलेले पदपथ पाहता आपण त्यांच्यापेक्षा सुखी असू, असे मला वाटत नाही.

मग साखळी कधी सोडावी?

माझे मत स्पष्ट आहे. दसऱ्यापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत मोकळ्या जागेत साखळी सोडूच नये. फटाके पंचांग पाहून वाजत नाहीत. दुकाने लागली की मुले ‘एक वाजवून पाहतात’, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत उरलेसुरले संपवतात. नरक चतुर्दशीला तर अभ्यंगस्नानानंतरचा पहिला फटाका भल्या पहाटे वाजतो, म्हणजे नेमक्या आपल्या फिरण्याच्या वेळी. त्या दिवशी फिरणे सकाळी नऊनंतर ठेवावे. फटाका फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांना आपल्या नियमांनुसार बंदी आहे. पण नियमात बसणारा फटाकाही कुत्र्याला उधळवायला पुरेसा असतो.

दिवाळीखेरीज गणपतीची मिरवणूक, लग्नसराई, क्रिकेटचा विजय, निवडणुकीचा निकाल, एकतीस डिसेंबर हे प्रसंग आपल्याला आधी ठाऊक असतात. वैशाखातला वळीव मात्र सांगून येत नाही. आभाळ भरून येऊन वारा पडला, की गुपचूप साखळी अडकवावी. शहराबाहेर खडीच्या खाणी असतील तर सुरुंगांच्या वेळा विचारून ठेवाव्यात.

कुत्रा उधळण्याआधी बहुधा सूचना देतो. आपण फोनवर बोलत असल्याने ती आपल्याला दिसत नाही. कान मागे पडतात, शेपूट पायांत जाते, उकाडा नसताना धाप लागते, तो वारंवार ओठ चाटतो, कारण नसताना जांभया देतो, डोळ्यांचे पांढरे दिसू लागते. सर्वांत सोपी परीक्षा बिस्किटाची. एरवी झडप घालून खाणारा कुत्रा आवडीचे बिस्कीट नाकारू लागला, तर फिरणे तिथेच थांबवावे आणि शांतपणे घराकडे वळावे.

साधनांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण हाडे येथेच वाचतात. घाबरलेला कुत्रा मागे रेटा देतो तेव्हा साधा गळपट्टा डोक्यावरून निसटतो. छाती आणि पोट दोन्हींना वेढणारा हार्नेस घ्यावा. पट्ट्याखाली आपली दोन बोटे जेमतेम जातील इतका तो घट्ट असावा. दोरी कापडी, साधी, दीड ते दोन मीटर लांबीची असावी. बटण दाबताच लांबत जाणारी, डबीतली दोरी ज्येष्ठांनी वापरूच नये. कुत्र्याला वेग घ्यायला तिथे वाव मिळतो आणि शेवटचा हिसका थेट आपल्या खांद्याला बसतो. आठ-दहा मीटरची लांब दोरी मोकळ्या मैदानात चांगली, पण ती धाकट्यांच्या हाती द्यावी. आपल्या पायांत ती हमखास अडकते.

दोरी मनगटाभोवती किंवा बोटांभोवती गुंडाळू नये, कमरेला तर मुळीच बांधू नये. तळहातात नीट धरावी, म्हणजे वेळ आली तर सोडता येईल. होय, सोडता येईल असेच म्हणतो आहे. कुत्र्याने सर्व शक्तीनिशी ओढले आणि आपला तोल जातो आहे असे जाणवले, तर त्या क्षणी दोरी सोडून द्यावी. हे वाचून प्राणिप्रेमी मंडळी माझ्यावर रागावतील. पण सत्तरीत मोडलेला खुबा म्हणजे शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने परावलंबन आणि काही वेळा जिवावरचे दुखणे. दोरी मागे लोंबणारा कुत्रा शोधता येतो, धरायलाही सोपा जातो; आणि त्याला शोधण्यासाठी आपण आधी उभे असायला हवे.

पायांत चपला नकोत. मागून बंद आणि तळ न घसरणारे बूट हवेत. दुहेरी भिंगांचा चष्मा लावून उतार उतरताना पायाखालची जमीन अस्पष्ट दिसते, हे ध्यानात ठेवावे. ज्यांना काठी लागते, कंपवात आहे, चक्कर येते, हाडे ठिसूळ असल्याचे निदान झाले आहे, त्यांनी मोठा कुत्रा एकट्याने फिरवू नये. त्याला शेजारचा तरुण, सोसायटीचा रखवालदार किंवा पगारी माणूस फिरवील. आपण वेगळे फिरावे किंवा त्यांच्यासोबत रिकाम्या हाताने चालावे. हे सांगताना मला बरे वाटत नाही. ‘माझा कुत्रा मीच फिरवतो’ यातला अभिमान मला ठाऊक आहे.

गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला असावा, आणि तो क्रमांक फोन उचलणाऱ्या माणसाचा असावा. आजोबांचा फोन देव्हाऱ्याजवळ चार्जिंगला आणि आवाज बंद, असे असेल तर बिल्ल्याचा उपयोग काय? पशुवैद्य मानेजवळ त्वचेखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवतात. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. तो यंत्राने वाचता येतो. मात्र कुत्रा कुठे आहे हे ती सांगत नाही. तो कोणाचा आहे एवढेच सांगते, आणि तेही त्या क्रमांकापुढे आपली माहिती अद्ययावत नोंदवलेली असेल तरच.

घरातही दक्षता हवी. फराळाला पाहुणे येतात, दार सतत उघडे राहते आणि कुत्रा जिन्यावरून थेट रस्त्यावर जातो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याचे फिरणे व जेवण लवकर उरकावे. आतल्या खोलीत खिडक्या-पडदे लावून, पंखा किंवा दूरदर्शन सुरू ठेवून, त्याला पलंगाखाली जायचे असेल तर जाऊ द्यावे. तो जवळ आला तर खुशाल थोपटावे. थोपटल्याने भीती वाढते ही समजूत चुकीची आहे. भीती ही काही लाडाने बिघडणारी खोड नव्हे.

औषधांबाबत दोनच गोष्टी, पण कळकळीने. भीती कमी करणारी चांगली औषधे पशुवैद्यांकडे आहेत. ती दिवाळीच्या दिवशी मागू नयेत, दोन-तीन आठवडे आधी जाऊन एखादी मात्रा देऊन परिणाम पाहावा. नुसते गुंगीचे औषध शरीर सुस्त करते, पण आतली भीती तशीच राहते. त्यामुळे ‘झोपेची गोळी द्या’ असा आग्रह धरू नये. आणि आपल्या डब्यातली गोळी, मग ती झोपेची असो वा अंगदुखीची, त्याला कदापि देऊ नये. आयब्युप्रोफेन त्याच्या जठराला व मूत्रपिंडांना घातक ठरते. पॅरासिटामॉलही पशुवैद्यांच्या सल्ल्याविना धोक्याचेच.

आणि तरीही उधळलाच, तर

पहिली गोष्ट : धावू नये. त्याचा वेग आपल्याला या वयात काय, विशीतही गाठता आला नसता. शिवाय मागून धावणारी पावले त्याला आणखी पळवतात. ओरडूही नये. तो कोणत्या दिशेने गेला ते पाहावे, बसायला जागा शोधून बसावे, दोन मिनिटे श्वास सावरावा आणि फोन करावा. शोधाचे काम धाकट्यांचे. आपले काम त्या जागी थांबण्याचे. हे काम दुय्यम मुळीच नाही. पुष्कळ कुत्री भीती ओसरल्यावर जिथून सुटली त्या जागी, किंवा घराच्या दाराशी परत येतात. म्हणून एक जण त्या जागी आणि एक जण घरी असायला हवा. थांबणे शक्य नसेल, तर अंगावरची शाल किंवा वापरलेला सदरा तिथे ठेवून यावा. आपला वास त्याला ओळखीचा असतो.

शोधणाऱ्यांनी जवळची जागा आधी पाहावी : उभ्या मोटारींखाली, जिन्याच्या पोकळीत, कोरड्या गटारात, बांधकामाच्या साहित्यामागे. भेदरलेला कुत्रा पुष्कळदा हाकेच्या अंतरावर दडलेला असतो आणि हाक ऐकूनही बाहेर येत नाही. आपल्या गावांत रखवालदार, दूधवाले, वर्तमानपत्रे टाकणारी मुले, सफाई कामगार आणि भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या बायका यांच्याइतकी पक्की बातमी कोणाकडे नसते. त्यांना छायाचित्र द्यावे. जवळच्या पशुवैद्यांना कळवावे. रात्री फटाके थांबल्यावर आणि पहाटे रहदारी सुरू होण्याआधी पुन्हा फेरी मारावी. त्या शांततेत लपलेली जनावरे बाहेर पडतात.

दिसला तर सरळ त्याच्याकडे चालत जाऊ नये, डोळ्यांत रोखून पाहू नये. थोड्या अंतरावर कुशीने, पाठ अर्धी वळवून बसावे, रोजच्या स्वरात काहीबाही बोलावे, खाऊ जमिनीवर टाकावा आणि त्याला येऊ द्यावे. झडप घालून पकडण्याचा मोह टाळावा.

कारण भीतीने बेभान झालेला घरचा कुत्राही चावतो. चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण आपली पंधरा मिनिटे दोनच मिनिटांत संपतात. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावावे. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेत भरू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. स्नायूत घ्यायच्या रेबीज लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असे असतात. सरकारी रुग्णालयांत त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे वेळापत्रक थोडे निराळे असते. रक्त आलेल्या जखमेत लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. पूर्वी पूर्ण लस घेतली असेल तर ते लागत नाही आणि लसीच्या दोनच मात्रा पुरतात. म्हणून जुने कागद जपून ठेवावेत. ‘आमच्या कुत्र्याला लस दिली आहे’ एवढ्यावर घरीच निर्णय घेऊ नये, विशेषतः तो एक-दोन दिवस भटक्यांमध्ये राहून आला असेल तर. भटकी कुत्री त्याच्यावर तुटून पडली असतील तर मध्ये हात घालू नये. बादलीभर पाणी किंवा मोठा आवाज कामी येतो.

आपण पडला असाल तर झटकन उठू नये. आधी हातपाय हलवून पाहावेत. खुब्यात कळ असेल, एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर उभे राहण्याचा प्रयत्नही करू नये. १०८ ला फोन करावा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी दाखवावे. ज्येष्ठांमध्ये मेंदूच्या आवरणाखाली साचणारे रक्त कधी काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी लक्षणे दाखवते : डोकेदुखी, झोपाळूपणा, चालण्यात बदल, बोलण्यात गोंधळ. काळजी घेणाऱ्यांनी पडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम आणि धाप यांपैकी काहीही जाणवले तर शोध तत्क्षणी थांबवावा आणि रुग्णालय गाठावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारे पुष्कळ जण न्याहारीआधी फिरतात. शोधाशोधीत दोन तास गेले की साखर उतरते. थरथर, घाम, गोंधळ यांना ‘काळजीमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावीच.

कुत्रा परत आला की रागावू नये, मिठ्या मारून भंडावूही नये. पाणी थोडे थोडे द्यावे, पंजे व कान पाहावेत, गोचिडी तपासाव्यात आणि दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांना दाखवावे. चावल्याच्या खुणा असतील तर रेबीजच्या लसीविषयी त्यांना आवर्जून विचारावे. पुढचे काही आठवडे त्याच टेकडीचे नाव काढू नये.

काही परत येत नाहीत. दोन आठवड्यांनी, महिन्याने सापडलेली कुत्री आहेत, म्हणून शोध लवकर सोडू नये. तरी हेही घडते. अशा वेळी ‘कुत्राच तर होता, दुसरा आणू’ असे घरातल्या वडीलधाऱ्यांना म्हणू नये. एकट्या राहणाऱ्या माणसाचा दिवस त्या प्राण्याच्या वेळापत्रकावर उभा असतो : त्याच्यासाठी उठणे, त्याच्यासाठी दोन पोळ्या जास्त लाटणे. तो गेला की स्वतःसाठी स्वयंपाक करणे थांबते, औषधे चुकतात, रक्तदाब बिघडतो. हे मी दवाखान्यात पाहतो. परदेशी असलेल्या मुलांनी त्या दिवसांत रोज फोन करावा आणि ‘जेवलात का?’ याऐवजी ‘काय जेवलात?’ असे विचारावे. जवळ असणाऱ्यांनी महिनाभर तरी पहाटे त्याच वेळी त्यांच्या दाराशी जावे, बूट घालायला लावावे आणि त्यांना बरोबर घेऊन चालावे. टेकडीचा रस्ता त्यांना नको असेल, तर दुसऱ्या रस्त्याने.